माया निळा घरी बनवून चुन्याच्या भिंतीवर लावला: कामाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

काम असं आहे. गावातल्या शाळेच्या वाचनालयाबाहेर व्हरांड्यात सहा फूट बाय चार फूट असे भिंतीचे तुकडे आहेत, प्रत्येकावर एकेका जुन्या संस्कृतीचं चित्र काढायचंय. इजिप्त, चीन, सिंधू खोरं हे सगळं भराभर वाटून झालं आणि मी मीटिंगला उशिरा पोचल्यामुळे माझ्या वाट्याला मध्य अमेरिका आली. उद्घाटन २६ जानेवारीला. मी कापडावर निळीची रंगाई करते, त्यामुळे तिथल्या जुन्या माया लोकांचा तो प्रसिद्ध निळा नीळ आणि माती भाजून बनतो हे मला वाचून माहीत होतं, म्हटलं दुकानातलं डिस्टेंपर लावण्यापेक्षा तोच करून बघू. मराठीत कुणी केलेलं सापडलं नाही म्हणून या नोंदी.

पहिली भानगड डिझाइनचीच. शाळेच्या ग्रुपवर 'माया कॅलेंडर' म्हणून जो गोल दगडाचा फोटो आला तो मायांचा नाहीच, ती मेक्सिकोतल्या दुसऱ्या लोकांची, अ‍ॅझ्टेकांची, सूर्यशिळा. १७ डिसेंबर १७९० ला मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकात खोदकाम करताना सापडली, व्यास साडेतीन मीटरच्या वर, वजन २४ टनांच्या आसपास, मधोमध जीभ बाहेर काढलेला चेहरा आणि त्याच्या भोवतीच्या चार चौकटींत आधीची चार युगं कशी संपली ते: जग्वार, वारा, आगीचा पाऊस, पाणी. मस्त वस्तू आहे, पण माया लिपीशी तिचा संबंध नाही, आणि माया शहरांचा भराचा काळ तिच्या कितीतरी शतकं आधीचा. टी-शर्टपासून ज्योतिषाच्या जाहिरातीपर्यंत सगळीकडे ही शिळा 'माया' म्हणून चिकटवलेली असते. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "अगं पण लोकांना तीच ओळखीची वाटते." म्हणून तर ती काढायची नाही असं ठरलं.

त्याऐवजी उद्घाटनाचीच तारीख माया पद्धतीनं लिहायची. डावीकडे आकड्यांचा उभा स्तंभ, उजवीकडे दोन मोठी चित्राक्षरं, मागे सगळा निळा.

१६ नोव्हेंबर

आधी नीळ. किराणा दुकानात पांढऱ्या कपड्यांना घालायला जी 'नीळ' मिळते ती चालत नाही हे पहिल्यांदा लिहून ठेवते, कारण प्रत्येकजण तिथूनच सुरुवात करेल. बाटलीतली असेल तर तो वेगळाच कृत्रिम रंग असतो, पुडीतली असेल तर बहुतेक अल्ट्रामरिन, ज्याचा अ‍ॅसिडमध्ये रंगच जातो आणि सडक्या अंड्यांसारखा वास येतो. आपल्याला नीळीच्या झाडाची वडी हवी, किंवा मग कापड गिरण्यांना लागणारी कृत्रिम इंडिगो पावडर. माया लोक वापरायचे ती त्यांच्याकडची नीळ, आपल्या झाडाची चुलतबहीण म्हणा, पण आतला निळा रेणू तोच.

माझ्याकडे दक्षिणेतून मागवलेल्या वड्या होत्या. वडीत शुद्ध रंग किती हे प्रत्येक घाण्याला वेगळं, माझ्या वडीत साधारण ४० टक्के धरून चालले, बाकी चुना, माती, पाल्याचा गाळ. खलात कुटून पाण्यात घोळवली, खाली बसलेली रेती टाकून दिली, मग पातळ व्हिनेगरमध्ये टाकली तर भसाभसा फेस, म्हणजे चुना होताच. फेस थांबेपर्यंत व्हिनेगर, मग धुऊन वाळवली. हे न केल्यास पुढच्या अ‍ॅसिड टेस्टमध्ये काय फसफसतंय तेच कळत नाही.

२३ नोव्हेंबर

माती. गाडं इथंच अडतं. इंटरनेटवर सगळीकडे 'फुलर्स अर्थ' लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे त्याला मुलतानी माती म्हणतात, म्हणून मुलतानी माती आणली, ४० रुपयांना अर्धा किलो. नीळ घालून खलली, तव्यावर भाजली, सुंदर राखाडी निळा आला. अ‍ॅसिटोनमध्ये हलवून ठेवली तर वरचं अ‍ॅसिटोन निळं होत राहिलं. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये चिमूटभर टाकली, थोड्या वेळात पिवळट मळकी. म्हणजे नीळ मातीच्या नुसती बाहेरून चिकटलेली होती, आत काही गेलेलं नाही.

कारण असं की 'फुलर्स अर्थ' हे नाव तेल शोषणाऱ्या कुठल्याही मातीला लावतात. माझी मुलतानी पापुद्र्यांच्या जातीची निघाली. माया निळ्याला लागते ती पॅलिगोर्स्काइट नावाची माती, तिचे कण सुईसारखे असतात आणि सुईच्या लांबीभर आत बारीक पन्हाळी असतात. त्या पन्हाळींत पाणी असतं, गरम केलं की ते निघतं आणि नीळ तिथं जाऊन बसते. माया लोकांच्या मुलखात, मेक्सिकोतल्या युकाटानमध्ये, साकालुम गावाजवळ ही माती पिढ्यान्‌पिढ्या खणत आलेत, तिकडे तिला साक लुउम म्हणतात, पांढरी माती. बाजारात हिचं नाव अ‍ॅटापल्गाइट. ते नाव घेऊन फोन फिरवायला लागले.

१ डिसेंबर

इंडस्ट्रियल मातीच्या एका व्यापाऱ्याकडून अ‍ॅटापल्गाइटचं पाच किलोचं पोतं आलं, कुरिअर धरून ६८० रुपये. तेल गाळायला वापरतात ते करड्या दाण्यांचं. दाणे इतके कडक की खलात उडत होते. पाण्यात टाकून रात्रभर ठेवले, सकाळी दाणे जसेच्या तसे, बोटानं दाबले तरी फुटेनात.

इथं शंका आली आणि ती खरी निघाली. दाणेदार मातीचे दोन प्रकार येतात, एक नुसता सुकवलेला आणि एक जोरदार भाजलेला. भाजलेला पाण्यात विरघळत नाही म्हणूनच गाळणीला चांगला, पण एवढ्या आचेला मातीच्या पन्हाळी मिटून जातात. तरी हट्टानं एक घाणा केला, निकाल मुलतानीसारखाच. पोतं आता गाडीखालचं सांडलेलं ऑइल टिपायला ठेवलंय, त्या कामाला मात्र एक नंबर आहे.

तुम्ही मागवणार असाल तर आधी मूठभर सॅम्पल मागा आणि पाण्यात टाका. दाणे विरघळून चिखल झाला तर पुढे जा, नाही झाला तर पैसे वाचले.

८ डिसेंबर

दुसऱ्या ठिकाणाहून पावडर आली, बोअरिंगच्या चिखलात आणि पेंट घट्ट करायला वापरतात ती ग्रेड, तीन किलो ९०० रुपये. ह्या वेळी आधी टेस्ट केली. दोन बरण्यांत कडक मिठाचं पाणी, एकीत मुलतानी, एकीत ही पावडर, दोन्ही मिक्सरमधून फिरवल्या. मुलतानी गुठळ्या होऊन खाली बसली आणि वर पाणी स्वच्छ. ही मात्र खारट पाण्यातही आंबिलीसारखी घट्ट राहिली. समुद्रात बोअर मारताना हीच माती का वापरतात ते त्या बरणीकडे बघून कळलं. सुया एकमेकींत अडकतात, त्यांना मिठाशी देणंघेणं नाही.

मास्क लावा. माती सुईसारखी आहे आणि धूळ फार उडते, मी रुमाल बांधून भागवलं नाही, एन९५ लावला आणि गच्चीत वाऱ्याकडे पाठ करून बसले. मिक्सरचं भांडं कायमचं स्वयंपाकघराबाहेर गेलं ह्यावरून घरात जे बोलणं झालं ते इथे लिहित नाही.

१४ डिसेंबर

आजचा दिवस आचेचा. प्रमाणाचा अंदाज आधी चुकीच्या बाजूला होता, रंगाई करणाऱ्या माणसाला वाटतं जास्त नीळ म्हणजे जास्त निळा. मातीच्या दहा टक्के नीळ घातलेला घाणा जवळपास काळा झाला आणि धुताना अर्धी नीळ पाण्यातून वाहून गेली, पन्हाळींत जागाच तेवढी नाही. शुद्ध नीळ मातीच्या एक ते दीड टक्का एवढीच पुरते. शंभर ग्रॅम मातीला दीड ग्रॅम, म्हणजे चहाचा अर्धा चमचासुद्धा नाही. खलताना ते फिकट राखाडी भुकटीसारखं दिसतं आणि आपलं काहीतरी चुकलं असंच वाटतं. थांबायचं. खरा रंग आचेवर येतो.

पहिल्यांदा लोखंडी तव्यावर गॅसवर केलं. वरून ढवळत होते तरी तळाशी आच फार झाली आणि तव्याच्या कडेनं चक्क जांभळा धूर निघायला लागला. दिसायला भारी, पण तो धूर म्हणजे आपली नीळच उडून चाललीय. तळाचा थर तपकिरी झाला, टाकून दिला.

मग जुन्या ओटीजीत, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये. अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रेमध्ये बोटाच्या पेरापेक्षा पातळ थर, आत वेगळा थर्मामीटर. ओटीजीच्या डायलवर विश्वास ठेवू नका, डायल १५० वर असताना माझ्या मागच्या कोपऱ्यात १९० आणि दाराशी १२५ दाखवत होतं. ट्रे दर अर्ध्या तासानं फिरवला, भुकटी उलटसुलट केली. आत १३० ते १५० मध्ये ठेवून सुमारे पाच तास. तासाभरानंतर राखाडी रंग हळूहळू उघडायला लागतो, आणि शेवटी जो येतो तो निळीचा निळा नव्हेच, हिरवट झाक असलेला मोरपंखी. जास्त वेळ आणि जास्त आच दिली तर झाक आणखी हिरव्याकडे जाते.

१९३१ साली युकाटानमधल्या चिचेन इत्सा ह्या जुन्या माया शहरातल्या योद्ध्यांच्या मंदिरातले रंग तपासताना हा निळा वेगळाच आहे हे लक्षात आलं होतं, पण नीळ आणि ही माती एकत्र तापवून तो पुन्हा बनवता येतो हे १९६६ मध्ये व्हॅन ऑल्फेन ह्या शास्त्रज्ञानं दाखवलं. चिचेन इत्साच्या पवित्र विहिरीतून निघालेल्या एका वाडग्यात कोपाल नावाच्या धुपात नीळ आणि ही माती दोन्ही सापडल्या, त्यावरून २००८ मध्ये मांडलं गेलं की विहिरीच्या काठावर धूप जाळता जाळताच हा रंग बनवत असावेत. त्या विहिरीच्या तळाशी सुमारे १४ फूट निळ्या गाळाचा थर आहे, चाक ह्या पाऊसदेवाला जे काही अर्पण केलं त्यावरून धुऊन उतरलेला. त्यात माणसंही होती, स्पॅनिश पाद्री लांडानं लिहून ठेवलंय की बळी द्यायच्या माणसाला निळा रंग लावत. शाळेच्या माहितीफलकावर हे किती लिहायचं यावर अजून चर्चा चालू आहे.

२१ डिसेंबर

अ‍ॅसिड टेस्ट. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या ओळखीच्या मॅडमनी त्यांच्या लॅबमध्ये, धूर ओढणाऱ्या कपाटात करून दिली. तीव्र नायट्रिक अ‍ॅसिड आहे, घरी अजिबात करू नका, हौस असेल तर ब्लीच आणि अ‍ॅसिटोनवर भागवा.

चार परीक्षानळ्या. नुसती नीळ: अ‍ॅसिड पडताक्षणी पिवळी. मुलतानी आणि नीळ भाजलेली: तीही पिवळी, दोन-चार सेकंद उशिरा एवढंच. तिसरीत योग्य माती आणि नीळ पण न तापवता नुसतं खललेलं, तेही गेलं. चौथीत ओटीजीतलं. मॅडमनी काचेच्या कांडीनं ढवळलं, आम्ही दोघी वाकून बघतोय, वर अ‍ॅसिडला किंचित पिवळी झाक आली ती बाहेर चिकटलेल्या जादा निळीची, आणि खाली भुकटी निळीच्या निळी. मॅडम म्हणाल्या, "असू दे, जेवून येऊ मग बघू." जेवून आलो तरी तशीच.

तिसऱ्या नळीमुळे माझं एक पक्कं झालं, माती बरोबर असून उपयोग नाही, आच दिल्याशिवाय काही होत नाही. ज्यांच्याकडे लॅब नाही त्यांनी निदान तापवलेलं आणि न तापवलेलं शेजारी शेजारी ब्लीचमध्ये टाकून बघा, फरक डोळ्यांना दिसतो.

घरी येऊन चुन्याच्या दोन लाद्या केल्या, एकीवर साधी नीळ, एकीवर हा रंग, दोन्ही अर्ध्या झाकून गच्चीवर दक्षिणेच्या उन्हात ठेवल्या.

२८ डिसेंबर

मोठे घाणे. चोवीस चौरस फुटांना दीड किलो भुकटी पुरेल असा हिशोब धरला, त्याला शुद्ध नीळ साधारण २२ ग्रॅम, म्हणजे माझी ४० टक्केवाली वडी ५५ ग्रॅम. ओटीजीत एका वेळी ३०० ग्रॅमच मावते, त्यामुळे आठवडाभर संध्याकाळी रोज हेच. प्रत्येक घाण्याची झाक थोडी वेगळी आली, म्हणून सगळे घाणे एका घमेल्यात एकत्र करून पुन्हा चाळले. हे केलं नसतं तर भिंतीवर पट्टे दिसले असते. भाजल्यावर एकदा अ‍ॅसिटोननं धुतलं, जादा नीळ गेली की रंग उजळतो. अ‍ॅसिटोन महाग पडलं आणि वास तर विचारूच नका.

बाकीचे रंग सोपे. लाल गेरू, पिवळा रामरज, काळी काजळी, पांढरा चुनाच. हे मी सोयीसाठी घेतलेलं नाही, मेक्सिकोच्या चियापासमधल्या बोनाम्पाक ह्या जुन्या माया ठिकाणच्या तीन खोल्यांत इसवी सन ७९० च्या सुमाराची जी भित्तिचित्रं आहेत त्यांचा पाया हाच, लोहाचे लाल-पिवळे, काजळी, चुना आणि हा निळा. त्या चित्रांवर पाझरून पांढरा थर जमला होता, तर १९४० च्या दशकात फोटो नीट यावेत म्हणून भिंतींवर रॉकेल फिरवलं होतं. थोडा वेळ रंग चमकतात म्हणे.

४ जानेवारी २०२५

भिंत सिमेंटची आहे, त्यावर चुना धरत नाही. गवंडीकाकांनी टाचे मारून भिंत खरबरीत केली आणि दोन दिवस पाणी मारायला सांगितलं. मी एकच दिवस मारलं, शाळेची टाकी रिकामी होती. चुन्याचा खालचा थर चढवला आणि दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातून केसासारख्या भेगा, सिमेंटनं सगळं पाणी पिऊन टाकलं. काकांनी काही न बोलता तेवढा भाग खरवडला.

चुना विरवून ठेवलेला, महिन्याचा जुना, काकांच्या ओळखीनं मिळाला. दोन वाटे बारीक वाळू, एक वाटा चुना, कातरलेला ताग, आणि बेलफळ-गुळाचं पाणी. गुळाचं पाणी बघून एक शिक्षक हसले, पण मायांच्या गिलाव्यातही झाडांच्या सालींचा चीक घालायचे आणि युकाटानमध्ये चुकुम झाडाच्या सालीचं पाणी घालून गिलावा आजही करतात. काका म्हणाले, "मग शहाणे होते की ताई ते."

११ जानेवारी

तारखेचा हिशोब, कुणाला दुसरी तारीख लिहायची असेल तर उपयोगी पडेल. माया तारखेत आधी दिवसांची पाच घरांची मोजणी असते (शेवटचं घर एकेका दिवसाचं, त्याआधीचं वीस दिवसांचं, त्याआधीचं ३६० दिवसांचं), मग १३ पर्यंतचा आकडा आणि वीसपैकी एक दिवसाचं नाव, मग महिन्यातला दिवस आणि महिन्याचं नाव. २१ डिसेंबर २०१२ ला मोजणी १३.०.०.०.० होती, त्या दिवशी ४ आहाव ३ कान्किन. (जग बुडणार म्हणून टीव्हीवाल्यांनी जो गोंधळ घातला तो दिवस. मोजणीत नुसता एक मोठा टप्पा पूर्ण झाला होता.) तिथून २६ जानेवारी २०२५ पर्यंत ४४१९ दिवस. ३६० नं भागून १२, उरले ९९, त्यात २० चे ४, उरले १९. म्हणजे १३.०.१२.४.१९. दिवसाचा आकडा: ४४१९ ला १३ नं भागून १२ उरतात, ४ मध्ये १२ मिळवून १६, त्यातून १३ वजा, ३. दिवसाचं नाव आहावपासून एकोणिसावं, कावाक. ३६५ दिवसांच्या वर्षात ४४१९ म्हणजे बारा वर्षं आणि ३९ दिवस, ३ कान्किनपासून ३९ पुढे गेलं की २ पाश. एकूण ३ कावाक २ पाश. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात किचे माया लोक आजही जो दिवस मोजतात त्याच्याशी हे जुळतं.

कावाक हा वादळ-पावसाचा दिवस, आणि आपला रंग पाऊसदेवाचा. हे मी ठरवून केलेलं नाही पण फलकावर ठोकून लिहिणार आहे.

आकडे सोपे: टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, शून्याला शिंपला. वरून खाली: दोन रेघा तीन टिंबं, शिंपला, दोन रेघा दोन टिंबं, चार टिंबं, तीन रेघा चार टिंबं. जर्मनीत ड्रेस्डेनला असलेल्या माया पोथीत आकडे असेच एकाखाली एक उभे लिहिलेत, स्थानावरून किंमत. त्यामुळे शिंपला विसरला तर सगळी तारीख कोसळते. कागदावरच्या पहिल्या आराखड्यात एका मुलानं शिंपल्याला डोळा काढून मासा केला होता, तो खोडताना वाईट वाटलं.

चित्राक्षरांत अडकायला होतं ते टिंबांपाशी. दगडी लेखांत दोन टिंबं असतील तर मधली जागा मोकळी सोडत नाहीत, तिथे एक चंद्रकोरीसारखं भरीचं चिन्ह घालतात, आणि एकच टिंब असेल तर दोन्ही बाजूंना. ते आकडा नसतं. मी ज्या ड्रॉइंगवरून घेत होते त्यात कोर जरा गोल होती, म्हणून २ पाश ऐवजी आमच्याकडे ३ पाश झालं होतं, आणि कावाकबरोबर ते जुळूच शकत नाही म्हणून पकडलं गेलं. वीस नावं आणि १८ महिन्यांच्या जागा ठरलेल्या असतात, कावाकच्या दिवशी महिन्याचा आकडा २, ७, १२ किंवा १७ च येतो. चूक पकडायला ही युक्ती भारी आहे.

कावाकचं चिन्ह जवळून बघितलं तर मजा आहे. गोलसर चौकोन, त्यात एका बाजूला वरून लोंबणारा गोळ्यांचा घोस, द्राक्षांच्या घडासारखा, आणि कडेला अर्धवर्तुळ, त्याच्या बाहेरून ठिपक्यांची ओळ. हाच घोस आणि हेच ठिपके माया चित्रांत डोंगरावर आणि दगडावर पण काढलेले असतात, त्यावरून ही वस्तू दगडाची आहे हे कळतं. वर्गातल्या पोरांनी अर्ध्या तासात ते इतकं बरोबर उचललं की मोठ्या आकारात भिंतीवर त्यांनीच गिरवावं असं ठरलं. पाऊसदेव चाकचं कुऱ्हाडवालं चित्र मात्र वेळेअभावी रद्द.

१९ जानेवारी

काल आणि आज भिंत. वरचा बारीक चुन्याचा थर आपण जेवढं त्या दिवशी रंगवू तेवढाच चढवायचा, ओला असतानाच रंग लावायचा. काल डावा स्तंभ, आज उजवा भाग. दोन्हींचा सांधा निळ्यात दिसतोय, तो आकड्यांच्या काळ्या चौकटीखाली घ्यायला हवा होता, दोन इंच इकडे आलाय.

क्रम असा ठेवला: गेरूच्या पातळ पाण्यानं आराखडा, मग निळं मैदान, मग लाल-पिवळं, शेवटी काजळीची काळी बाह्यरेषा. बोनाम्पाकच्या रंगाऱ्यांनीही आधी आराखडा आणि शेवटी काळी रेघ असंच केलंय आणि त्याचं कारण हातात ब्रश घेतल्यावर कळतं. निळ्याच्या कडा कितीही जपलं तरी फाटतात, काळी रेघ ते सगळं झाकते.

रंगाचा त्रास दोन प्रकारचा. भुकटी चुन्याच्या निवळीत कालवली तर दहा मिनिटांत जेली. ही माती पाणी पीत राहते. आदल्या रात्रीच भिजत घालून सकाळी पुन्हा पातळ करायची, दुधाएवढी. दुसरं, घाईत जाड हात मारला तिथे वाळताना बारीक जाळीदार तडे आले, कावाकच्या वरच्या कोपऱ्यात. ओल्या फडक्यानं तेवढं पुसून दोन पातळ हात दिले. आणि ओला रंग बघून घाबरू नका, ओला असताना गर्द दिसतो, वाळला की निम्मा फिका. वाळवलेल्या पट्ट्या आधी करून ठेवल्या होत्या म्हणून वाचलो, नाहीतर फार पातळ केला असता.

गच्चीवरच्या लाद्या आज उघडल्या. साध्या निळीच्या लादीवर झाकलेला आणि उघडा भाग यात रेघ स्पष्ट दिसते. दुसरीवर मला तरी काही दिसत नाही.

२६ जानेवारी

झालं. झेंडावंदनानंतर सगळे व्हरांड्यात. पाहुण्यांनी विचारलं की शून्य तर भारतानं शोधलं ना, मग हा शिंपला काय. मुलांनीच उत्तर दिलं की ग्वाटेमालातल्या उआशाक्तूनच्या शिळांवर इसवी सन ३५७ च्या तारखेत शून्याची चिन्हं आहेत आणि त्या लोकांचा आपल्याशी संबंध नव्हता, दोघांनी आपापलं शोधलं. पाहुणे जरा हिरमुसले. बळीचा मजकूर फलकावर एका ओळीत राहिला, पण पोरांना नेमका तोच पाठ झालाय.

२९ जून

पावसाची पहिली मोठी झोड येऊन गेली, व्हरांडा असला तरी पश्चिमेचा पाऊस आत येतो. निळा जसाच्या तसा आहे, हात फिरवला तर हाताला लागत नाही. खराब झालाय तो गिलावा. डाव्या खालच्या कोपऱ्यात, जिथे दुसऱ्यांदा थर दिला होता तिथेच, तळहाताएवढा पापुद्रा सुटलाय आणि १९ मधलं एक टिंब अर्धं गेलंय, म्हणजे सध्या भिंतीवरची तारीख साडेअठरा आहे. गेरूचा लाल थोडा पुसट झालाय, काजळी ठीक. गच्चीवरची साध्या निळीची लादी आता करडी पडलीये.

खर्च विचारणाऱ्यांसाठी: बरोबर माती ९००, चुकीच्या दोन मात्या मिळून ७२०, नीळ घरातली पण विकत घेतली असती तर ३०० च्या आसपास, अ‍ॅसिटोन ११००, चुना-वाळू-ताग १४००, काकांची मजुरी २४००, थर्मामीटर ३५०. ओटीजीचं वीजबिल धरलेलं नाही. पुन्हा केलं तर अ‍ॅसिटोन वगळेन, नीळ एक टक्क्यावर ठेवली तर धुण्याइतकी जादा नीळ राहतच नाही.

साडेचारशे ग्रॅम भुकटी उरलीये. दिवाळीच्या सुट्टीत काका येतील तेव्हा कोपरा खरवडून टिंब परत काढायचं आहे, ह्या वेळी टाकी आधी भरून घेणार.